'लंच'ला मराठीत काय लिहायचं? आधी ताटात काय आहे ते सांगा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मनुष्यबळ विभागात नुकत्याच रुजू झालेल्या ताईंनी विचारलंय, त्याचा मथितार्थ असा: "आमच्याकडं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. इंग्रजी वेळापत्रकात ब्रेकफास्ट, लंच, हाय-टी आणि डिनर असे चार शब्द आहेत. कामगारांसाठी मराठी पत्रक काढायचंय आणि शॉपच्या, म्हणजे कामाच्या विभागाच्या, दारावर 'लंच ब्रेक'ची पाटीही मराठीत करायची आहे. लंच म्हणजे दुपारचं जेवण, एवढंच का? मग न्याहारी, नाश्ता, उपाहार, भोजन, स्नेहभोजन यांत नेमका फरक काय? आमचे साहेब म्हणतात, सरळ 'लंच' लिहा, सगळ्यांना कळतं."

मी कोल्हापुरात छापखान्यांसाठी मुद्रितशोधन आणि कंपन्यांसाठी भाषांतर करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हॉटेलांची मेन्यूकार्डं, कारखान्यांच्या सूचना असलाच माल हाताखालून जातो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. घाईत असाल तर एवढंच घ्या: पत्रकात 'दुपारचे जेवण' लिहा आणि पाटीवर 'जेवणाची सुट्टी'. साहेबांचंही अगदीच चूक नाही. 'लंच' कळतो सगळ्यांना, पण त्यातून काय कळतं, ते बघायला हवं.

'लंच' हा घड्याळाचा शब्द आहे. बारा ते दोनच्या सुमारास जे पोटात जाईल तो लंच, मग ते सँडविच असो, सॅलड असो की पाच पदार्थांचं ताट. 'जेवण' हा ताटाचा शब्द. त्याला वेळेचं बंधन नाही. सकाळी अकराला जेवतात, दुपारी तीनला जेवतात, जागरणाला रात्री दीडलाही पंगत बसते. वेळ सांगायची असेल तर आपण वरून 'दुपारचं', 'रातचं' असं जोडतो. त्यातही गंमत आहे. कित्येक घरांत दुपारी एकला जे खातात त्यालाही 'सकाळचं जेवण' म्हणतात, कारण ते सकाळच्या स्वयंपाकातलं असतं. चूल किती वेळा पेटली यावर दिवसाची जेवणं मोजायची ही जुनी रीत.

आता जेवण कशाला म्हणायचं? कोल्हापुरात याची परीक्षा सोपी आहे. एखादा गडी रविवारी सकाळी दहाला मिसळ खातो. दोन वेळा कट मागून घेतो, वर चार-पाच स्लाइस ब्रेड, शेवटी चहा. पोट तट्ट. साडेबाराला घरात पाय टाकतो तर आई विचारते, "जेवलास का रे?" हा म्हणतो, "न्हाई अजून, मिसळ खाल्लीया." तो खोटं बोलत नाही आणि आईलाही ते विचित्र वाटत नाही. मिसळ कितीही खाल्ली तरी ती खाल्लीच जाते, जेवली जात नाही. उलट आजारी माणूस चतकोर भाकरी आमटीत कुस्करून कशीबशी गिळतो आणि आपण फोनवर पाहुण्यांना सांगतो, "आज जरा जेवले." म्हणजे प्रमाणाचा संबंध नाही. भाकरी, चपाती किंवा भात, जोडीला कालवण, आणि त्यासाठी माणूस ताट घेऊन बसला, एवढं जमलं की ते जेवण. ग्रामीण भागात तर 'भाकरी खाल्ली का?' हाच प्रश्न पुरतो. जपानीतही असंच आहे म्हणे, असं मोघम बोलायची गरज नाही, ते पक्कं माहीत आहे: तिकडं 'गोहान' म्हणजे भात आणि 'गोहान' म्हणजेच जेवण, दुपारच्या जेवणाला 'हिरुगोहान' म्हणजे दुपारचा भात. धान्यावरून जेवण ओळखणारे आपण एकटेच नाही.

मग इंग्रजांचा लंच आला कुठून, ते बघू, कारण त्यातून पुढच्या बऱ्याच गाठी सुटतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'लंच' म्हणजे जाडसर तुकडा, पावाचा किंवा चीजचा. 'लंचन' हा त्याचाच भाऊ. सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश १७५५चा, त्यात लंच आणि लंचन यांचा अर्थ दिलाय तो असा: हातात मावेल एवढं अन्न. आपल्या चतकोर-नितकोरच्या अगदी जवळचा. शेतावरून आलेल्या माणसानं पाटावर न बसता, उभ्या उभ्या हातावर घेऊन खाल्लेला तुकडा. तेव्हा त्याला जेवणाची इभ्रत नव्हतीच. दुपारी पोटभर खायचं ते 'डिनर'.

होय, डिनर. आज आपण रात्री आठच्या पुढं ज्याला डिनर म्हणतो, तो मध्ययुगीन इंग्लंडात भर दुपारी व्हायचा. दिवसातलं मुख्य जेवण म्हणजे डिनर, ते कधीही असो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शहरी आणि पैसेवाल्या घरांत डिनर हळूहळू पुढं सरकत संध्याकाळवर गेला. सकाळचा ब्रेकफास्ट आणि हा लांबलेला डिनर यांच्यामध्ये भुकेचं मोठं भगदाड पडलं. ते बुजवायला हातातला तुकडा टेबलावर आला, त्याला ताट-काटे-चमचे मिळाले आणि लंचन प्रतिष्ठित झाला. 'लंच' हे त्याचं आखूड रूप एकोणिसाव्या शतकात रुळलं, सुरुवातीला जरा हलकंच मानलं गेलं. उत्तर इंग्लंडातल्या कामगार वस्त्यांत आजही दुपारी डिनर आणि संध्याकाळी 'टी' म्हणणारे लोक आहेत. तिकडच्या शाळांत दुपारी जे वाढतात त्याला 'स्कूल डिनर' म्हणतात. तेव्हा डिनर म्हणजे रात्रीचं जेवण असं डोळे झाकून भाषांतर केलं की एखाद्या जुन्या कथेतला माणूस आपण भर उन्हात रात्रीच्या जेवणाला बसवतो. असली प्रुफं माझ्याकडं येतात.

आणखी मजा पुढं आहे. डिनर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'उपास सोडणे'. ब्रेकफास्टचाही अर्थ तोच, उपास मोडणे. फ्रेंचमधला 'देझने' त्याच मुळाचा, आणि आज फ्रान्समध्ये तो दुपारच्या जेवणाला वापरतात. सकाळच्या नाश्त्याला मग 'छोटा देझने' म्हणायची पाळी आली. म्हणजे उपास सोडण्याचा एकच शब्द, एका देशात रात्रीवर गेला, दुसऱ्यात दुपारवर थांबला.

हे फक्त युरोपातलंच, असं समजू नका. आपल्या रोजच्या तोंडातला 'नाश्ता' फारसीतून आला. फारसीत 'नाश्ता' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशीपोटी. इराणमध्ये रक्ततपासणीला रिकाम्या पोटी या म्हणायचं तर हाच शब्द वापरतात. आपल्याकडं त्याचा अर्थ उलटून उपास मोडण्याचं खाणं असा झाला. 'न्याहारी'चंही नातं फारसीशीच आहे. तिकडचा 'नाहार' हा शब्दही मूळचा उपाशीपणाचा, आणि आजच्या इराणमध्ये त्याचा अर्थ काय, तर दुपारचं जेवण! डिनरचं जे झालं तेच नाहारचं झालं. माणसं उपास सोडायची वेळ लांबवत गेली आणि शब्द त्यांच्या मागोमाग चालत गेले.

म्हणून शब्दकोशात बघून 'लंच बरोबर दुपारचं जेवण' असं कायमचं समीकरण मांडू नये. त्या पत्रकापुरतं बघावं.

आता आपल्या घरच्या शब्दांकडं येऊ. 'नाश्ता' आणि 'न्याहारी' मुळात शेजारी असले तरी कोल्हापूरच्या मातीत वेगळे झालेत. नाश्ता म्हणजे पोहे, उप्पीट, शिरा, इडली, बशीतलं आणि चमच्यानं खायचं. न्याहारी म्हणजे भाकरी. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडं सकाळी धारा काढून, वैरणीचा भारा टाकून माणूस रानात गेलेला असतो. नऊ-दहाच्या दरम्यान घरातनं बुट्टी येते. वर फडकं, फडक्याखाली जोंधळ्याच्या नाहीतर नाचण्याच्या भाकरी, त्यांच्यावरच ठेवलेला खर्डा, कांदा, किटलीत आमटी किंवा ताक. बांधावर बसून, भाकरीचंच ताट करून खायचं. शहरातल्या माणसाच्या लंचमध्ये जेवढं अन्न असतं त्याच्या दीडपट या न्याहारीत असतं. हॉटेलवाले मेन्यूकार्डावर पोहे-उपम्याच्या डोक्यावर 'न्याहारी' असं वळणदार अक्षरात लिहितात. दिसायला छान दिसतं, हरकत नाही. पण शेतकऱ्यांच्या शिबिराच्या पत्रकात न्याहारी लिहून कुणी वाटीभर पोहे हातावर ठेवले तर लोक हसतील, आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. तुमच्या ब्रेकफास्टला पोहे-चहा असेल तर 'नाश्ता' लिहा.

'उपाहार' हा शब्द वापरणार असाल तर आधी त्याचा काना सांभाळा. 'उपहार' म्हणजे भेट, नजराणा. 'उपाहार' म्हणजे हलकं खाणं. बसस्थानकापासून कचेऱ्यांपर्यंत 'उपहारगृह' लिहिलेल्या पाट्या दिसतात, तिथं खरं तर भेटवस्तू मिळायला हव्यात. 'अल्पोपाहार'मध्येही पा-ला काना हवाच. तसाच दुसरा रोग 'मध्यान्ह'चा. मूळ शब्द 'मध्याह्न', त्यात ह आधी आणि न नंतर. पण शाळेच्या आहाराच्या कागदांपासून भल्याभल्यांच्या लिखाणापर्यंत 'मध्यान्ह भोजन'च दिसतं. मी प्रुफात दुरुस्त करतो, छापून येताना ते परत उलटं होतं. शाळेत मात्र हा झगडा कुणी घालत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, कागदावर तिचं नाव आपल्याकडं 'शालेय पोषण आहार' असं रुळलं, पोरं मात्र 'खिचडी' म्हणतात, आणि ती ज्या वेळेत मिळते तिला 'मधली सुट्टी'. या सगळ्यांत मला 'मधली सुट्टी' सर्वात आवडतो. लंच ब्रेकला इतका सरळ प्रतिशब्द दुसरा नाही, पण तो शाळेच्या गणवेशातच राहिला.

उपाहार हा लंचला प्रतिशब्द म्हणून मराठीत एकाच जागी पक्का बसलाय, तो म्हणजे क्रिकेटच्या बातमीत. 'उपाहाराला भारत २ बाद ९४' असं आपण वर्षानुवर्षं वाचतोय. कसोटीत लंचची सुट्टी ४० मिनिटांची आणि चहापानाची २०. चाळीस मिनिटांत खेळाडू काय ताट वाढून बसतात असं नाही, त्यामुळे तिथं 'जेवण' न लिहिता 'उपाहार' लिहिणाऱ्या जुन्या पत्रकारांचा कान चांगला होता. पण घड्याळाच्या शब्दाचं काय होतं तेही क्रिकेटनंच दाखवलं. २०१५च्या नोव्हेंबरात ॲडलेडला पहिली दिवस-रात्र कसोटी झाली, तेव्हापासून अशा बऱ्याच सामन्यांत लंच जाऊन 'डिनर' आला. आणि २०२५च्या नोव्हेंबरात गुवाहाटीला सूर्य लवकर मावळतो म्हणून खेळ लवकर सुरू केला, तर चहापान आधी आणि लंच नंतर असा उलटा क्रम लावावा लागला.

क्रिकेटचा उपाहार उचलून कुणी आपल्या कार्यक्रमात टाकला की घोटाळा होतो. एका संस्थेच्या शिबिराचं उदाहरण सांगतो, नाव नको. इंग्रजी मसुद्यातल्या 'लंच'ला कुणीतरी 'उपाहार' केलं. आचाऱ्यानं चपाती, मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी असा पुरता स्वयंपाक मांडला होता. भुदरगडकडनं आलेल्या मंडळींनी 'दुपारी १ वा. उपाहार' वाचलं आणि शहाणपणानं घरनं भाकरी बांधून आणल्या. एक वाजता ती सगळी झाडाखाली शिदोऱ्या सोडून बसली. आत भाताची पातेली तशीच.

'भोजन' हा जेवणाचाच सोवळ्यातला अवतार. बोलताना 'भोजन केलं' असं आपल्यात कुणी म्हणत नाही, म्हटलं तर टिंगल म्हणूनच. पण छापताना त्याला पर्याय नाही. लग्नपत्रिकेवर 'भोजन : दुपारी १२ ते ३' असंच शोभतं. तिथं 'जेवण' लिहिलं की मालक नाक मुरडतात, 'लंच' लिहिलं की म्हातारी माणसं. 'स्नेहभोजन' म्हणजे कारण काहीही असो, आम्ही प्रेमानं बोलावतोय, अहेराची अपेक्षा नाही, असा सूर. कंपनीचा वार्षिक मेळावा, निवृत्तीचा निरोप, सोसायटीची सभा यांना तो चपखल. 'स्वरुची भोजन' म्हणजे बुफे. आपल्या रुचीनं, आपल्या हातानं वाढून घ्या. हा शब्द ज्यानं कुणी घडवला त्याला दाद दिली पाहिजे, कारण बुफेतली अडचण त्यानं मोठ्या गोड शब्दांत सांगितलीय की वाढायला कुणी येणार नाही. देवळात असेल तर 'महाप्रसाद', आणि तिथं वेळ, पदार्थ, प्रमाण यांबद्दल तक्रार करायची नसते.

'सहभोजन' मात्र सैल हातानं वापरू नका. एकत्र बसून खायचं म्हणून कुणीही हा शब्द टाकतं, पण त्याच्यामागं इतिहास आहे. जातीच्या भिंती मोडण्यासाठी वेगवेगळ्या जातींच्या लोकांनी ठरवून एका पंगतीला बसायचं, ते सहभोजन. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना चहाचं दुकान काढून द्यायला मदत केली आणि त्या दुकानातला चहा लोकांदेखत घेतला, त्या गावात तरी कुणाबरोबर काय खाल्लं-प्यायलं याला किती वजन असतं हे विसरता येत नाही. तुमच्या प्रशिक्षणातल्या दुपारच्या थाळीला हा शब्द पेलणार नाही. 'दुपारचे जेवण' पुरे.

कोल्हापुरापुरती एक सूचना, आणि ही गंभीरपणे घ्या. आपल्याकडं नुसतं 'जेवण आहे' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा येतो. 'यात्रेचं जेवण', 'म्हाईचं जेवण', 'जावळाचं जेवण' यांत मटण आहे का हे विचारायची गरज नसते. यात्रेत पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य म्हणजे पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी खारा. 'गोडाचं जेवण' म्हणून मुद्दाम सांगावं लागतं ते मटण नाही तेव्हा. शिवाय 'पार्टी' हा तिसराच प्रकार, तिथं ओली का सुकी एवढाच प्रश्न. आणि रानात चूल मांडून, वर्गणी काढून रस्सा शिजवणारी जी टोळकी असतात त्यांना आपण 'रस्सा मंडळ' म्हणतो. लंच, डिनर, ब्रंच (ब्रेकफास्ट आणि लंच मिळून एकच खाणं) असल्या कुठल्याच खान्यात ते बसत नाही. भांडी घासून परत यायला रात्र होते. सांगायचं एवढंच, की पत्रकात 'दुपारचे जेवण (शाकाहारी)' असं कंसात स्पष्ट छापा. 'लंच' लिहिलं तर लोक चपाती-भाजी गृहीत धरतील, 'जेवण' लिहिलं तर रविवारी किंवा बुधवारी अपेक्षा वाढतील.

बोलण्यातली आणखी एक खोच आहे. 'मी जेवण केलं' असं आजकाल सर्रास ऐकू येतं, अर्थ 'मी जेवलो'. कोल्हापूरकडच्या बाईला विचारा, 'जेवण केलं' म्हणजे तिनं स्वयंपाक केला. "वैनी जेवाण करत्यात, बसा जरा" याचा अर्थ वहिनी चुलीपुढं आहेत. तेव्हा 'प्रशिक्षणार्थींनी १ वाजता जेवण करावे' असं पत्रकात आलं तर तुमच्या इथले वयस्क कामगार ते वाचून एकमेकांना कोपरखळ्या मारतील. 'जेवून घ्यावे' लिहा. आणि 'जेवण खाल्लं' तर अजिबात नको. भाकरी खातात, भात खातात, जेवण जेवतात किंवा नुसतंच जेवतात. लंचला आपल्याकडं अजून स्वतःचं क्रियापद मिळालेलं नाही. कुणी लंच 'करतो', कुणी 'घेतो', लिंगाचाही गोंधळ आहे, 'लंच झाला' आणि 'लंच झालं' दोन्ही चालतं. मनात 'जेवण' असलं की तोंडातून 'झालं' येतं.

तरीही लंच हा शब्द हाकलून द्यावा असं मी म्हणणार नाही. त्यानं एक जागा धरलीय, ती जेवणानं भरून निघत नाही. दोन सहकारी फोनवर "उद्या लंचला भेटू" म्हणतात, त्याचा अर्थ हॉटेल, दोन वाजेपर्यंत मोकळं होणं, आणि बिल कोण देणार याची थोडीशी झटापट. तोच माणूस "उद्या जेवायला ये" म्हणाला, तर घर आलं, घरातल्या बाईला आदल्या दिवशी सांगणं आलं, 'आणखी एक चपाती घ्याच' हा आग्रह आला, आणि पुढच्या महिन्यात आपणही त्याला बोलवायचं हे आलं. लंचचं आमंत्रण नाकारलं तर काही बिघडत नाही. जेवायचं आमंत्रण नाकारताना कारण चांगलं लागतं. 'वर्किंग लंच'लाही मी मराठी शब्द शोधत बसत नाही. खाता खाता काम करायचं ही कल्पना जेवणाच्या ताटात बसत नाही, ती लंचलाच शोभते. फार झालं तर 'बैठकीतच जेवणाची सोय' असं लिहितो.

'डबा' आणि 'टिफिन' यांचं थोडक्यात. टिफिन हा अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी दुपारच्या हलक्या खाण्यासाठी रुळवलेला शब्द. दक्षिणेत तो इडली-डोशाच्या खाण्यावर थांबला, आपल्याकडं भांड्यावर. इथनं तासाभराच्या अंतरावर निपाणीला गेलात की कन्नडमध्ये 'तिंडी' म्हणजे नाश्त्याचं खाणं वेगळं आणि 'ऊटा' म्हणजे जेवण वेगळं, 'ऊटा आयता?' म्हणजे आपलं 'जेवलासा न्हवं?' तिंडी झाली म्हणून ऊटा झाला असं तेही मानत नाहीत. आपल्या 'डब्या'नं मात्र भांडं, आतलं अन्न आणि ते पुरवायची व्यवस्था असे तिन्ही अर्थ गिळले. राजारामपुरीत खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी 'डबा लावतो', नको त्या दिवशी 'खाडा' सांगतो, आणि डब्यात काय होतं हे रात्री आईला फोनवर सांगतो. तुमच्या पत्रकात 'पॅक लंच' असेल तर 'जेवणाचा डबा देण्यात येईल' असं लिहिलं की झालं. शिदोरी लिहू नका, ती ज्याची त्यानं घरून आणायची असते.

'ब्रंच' तुमच्या यादीत नाही, पण कुणीतरी विचारेलच. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजानं रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेऊन हा शब्द मांडला. कोल्हापुरात त्याला नवा प्रतिशब्द काढायची गरज नाही, रविवारी अकरा वाजता मिसळीच्या दुकानाबाहेर नंबर लावून उभ्या असलेल्या लोकांना विचारलंत तर ते तुम्हालाच वेड्यात काढतील. 'हाय-टी'बद्दल मात्र सावध. आपल्या हॉटेलांनी तो संध्याकाळच्या झकपक चहा-खाण्याला लावलाय. इंग्लंडात तो मुळात कामावरून दमून आलेल्या कष्टकऱ्याचा संध्याकाळचा भरपेट आहार होता, मांस-बटाटे-पाव-चहा असा. पाहुण्यांच्या नाजूक कपबशांचा चहा तो वेगळा. तुमच्या कार्यक्रमात साडेचारला चहा, बिस्किटं आणि भडंग असेल, तर 'चहापान' लिहा. 'फराळ' लिहिलंत तर कुणाला दिवाळी आठवेल आणि कुणाला एकादशीची साबुदाण्याची खिचडी.

राहिली दारावरची पाटी. तुमच्या फौंड्रीत तीन पाळ्या असतील. दुसऱ्या पाळीची सुट्टी रात्री आठच्या पुढं-मागं होते, तिसऱ्या पाळीची मध्यरात्रीनंतर. तिन्ही पाळ्यांसाठी 'लंच ब्रेक' अशी एकच पाटी मी अनेक कारखान्यांत पाहिलीय. रात्री दोन वाजता लंच! कामगार त्याला केव्हापासून 'जेवणाची सुट्टी' म्हणतात, आणि ते कुठल्याही पाळीला लागू पडतं. कायदा लिहिणाऱ्यांनाही हे कळत होतं. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ५५मध्ये सलग पाच तासांहून जास्त काम न करवता किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायला सांगितलं होतं, तिथं लंच हा शब्द नाही, 'विश्रांतीसाठी मध्यंतर' अशा अर्थाचेच शब्द आहेत. तेव्हा पाटी अशी करा: 'जेवणाची सुट्टी' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली तिन्ही पाळ्यांच्या वेळा. 'भोजन अवकाश' कुणी सुचवलं तर नको म्हणा, तो हिंदीतून आलाय आणि मराठीत अवकाश म्हटलं की यान आठवतं. कँटीनच्या दारावर 'उपाहारगृह' लिहिणार असाल तर रंगाऱ्याजवळ उभं राहून तो काना घालून घ्या.

पत्रकाचा मजकूर असा ठेवा: सकाळी ८.३० नाश्ता, दुपारी १ ते १.४५ जेवण (शाकाहारी), दुपारी ४.३० चहापान, आणि पहिल्या दिवशी रात्री ८ वाजता स्नेहभोजन, कारण तुमच्या इंग्रजी डिनरला व्यवस्थापकही येणार आहेत असं दिसतंय. रात्रीच्या त्या ओळीत मटण असेल तर 'शाकाहारी व मांसाहारी' असं आजच छापा आणि आकडा घेताना तो वेगवेगळा घ्या. नुसता 'डिनरला किती?' असा कागद फिरवलात तर सगळे हात वर करतील, आणि आचारी तुम्हालाच विचारेल, ताई, यातले रश्श्याचे किती?